कात्रजच्या मशाली आणि उसनी तळटीप
संशोधनपत्रिकांतील वाङ्मयचौर्याचा एक ऐतिहासिक विचार

१

इ. स. १६६३ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यातील लाल महालात शिरून शायिस्ताखानावर छापा घातला. खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र मारला गेला आणि मराठ्यांची टोळी सुखरूप निसटली. येथवरचा वृत्तांत निरनिराळ्या पक्षांच्या लेखनाने सिद्ध झालेला आहे. ह्यापुढील भाग महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असतो. पाठलागावर येणाऱ्या मोगली फौजेस चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात झाडांना व बैलांच्या शिंगांना मशाली बांधून त्या पेटविण्यात आल्या. फौज त्या उजेडाच्या रोखाने कात्रजकडे धावली आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडास पोहोचले, अशी ती कथा आहे.

ह्या कथेस एक प्राचीन जोड आहे. ख्रिस्तपूर्व २१७ मध्ये हॅनिबालने इटलीतील फालेर्नुसच्या मैदानातून बाहेर पडण्यासाठी बैलांच्या शिंगांना पेटती काटक्यांची जुडगी बांधली आणि रोमन पहारेकऱ्यांस भलत्या डोंगराकडे ओढून नेले. पॉलिबियस व लिव्ही ह्या दोन्ही इतिहासकारांनी हा प्रसंग वर्णिला आहे. दोन सेनानींना स्वतंत्रपणे एकच युक्ती सुचणे अशक्य नाही. एका देशातील कथा दुसऱ्या देशातील वीराच्या नावे सांगितली जाणे हेही अशक्य नाही. ह्यांपैकी कोणती गोष्ट कात्रजच्या बाबतीत घडली हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. विषय एवढाच की, पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न हाती घेतला, तर त्याच्यासमोर पहिली अडचण कोणती उभी राहते?

त्याला मशालींची कथा सांगणारी दहा पुस्तके सहज मिळतील. दहांपैकी एकाही पुस्तकात तळटीप नसेल, किंवा काहींत असेल आणि ती उरलेल्यांपैकीच एखाद्या पुस्तकाकडे बोट दाखवील. अशा वेळी त्याच्या हाती साक्षी किती आल्या? दहा, की एक? दहा लेखकांनी दहा निरनिराळ्या साधनांवरून लिहिले असेल तर कथेचे बल मोठे आहे. एकाने लिहिले आणि नऊ जणांनी त्याचे नाव न घेता उतरले असेल, तर कागदावर दहा आवाज दिसत असूनही साक्षीदार एकच आहे. ही निवड करण्याचे साधन नऊ जणांनी स्वतःच नष्ट केलेले असते.

वाङ्मयचौर्याची चर्चा बहुधा मूळ लेखकावरील अन्याय म्हणून केली जाते. तो अन्याय खराच आहे. परंतु इतिहाससंशोधनात ह्या दोषाचे स्वरूप त्याहून गंभीर असते. येथे केवळ एका लेखकाचे श्रेय जात नाही, तर पुराव्याची मोजदादच खोटी होते. म्हणून त्याचे निवारण हे शिस्तपालनाचे काम जितके आहे, तितकेच ते साधनचिकित्सेचे काम आहे.

२

कात्रजनेच ह्या गोष्टीचे दुसरे उदाहरण पुरविले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी दगडी नळाने पुणे शहरात आणले गेले. नळ जमिनीखालून जात असल्यामुळे वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवण्यात आले. शहरात हे पाणी शनिवारवाड्यात व निरनिराळ्या पेठांतील हौदांत खेळविले जाई. काळ्या हौदावर पाणी भरणारा व सदाशिव हौदावर पाणी भरणारा हे दोघे दोन ठिकाणी उभे असले, तरी त्यांच्या घागरींत एकाच तलावाचे पाणी येई.

परंतु शहरातील प्रत्येक हौद कात्रजचाच होता असे नव्हे. नाना फडणीसांनी आंबेगावाकडून वेगळा नळ आणला होता आणि रास्त्यांचा नळ कोंढव्याच्या बाजूने येत होता. हौदाच्या काठावर उभे राहून पाणी कोठून येते हे कळण्यासारखे नव्हते. त्यासाठी उच्छ्वास शोधीत नळाच्या वाटेने उलट चालत जाणे भाग होते. ग्रंथातील विधानाचीही हीच स्थिती असते. तळटीप हा त्या विधानाचा उच्छ्वास होय. तो बुजविला की पाणी वाहत राहते, पण त्याचा उगम विचारणाऱ्यास उत्तर मिळत नाही, आणि पाणी वाटेत दूषित झाले तर ते नेमके कोठे झाले हेही शोधता येत नाही.

३

परक्याची कृती आपली म्हणून मिरविण्याबद्दलची तक्रार फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल ह्याने आपली कवने चोरणाऱ्यास ‘प्लागिआरिउस’ म्हणजे माणसे पळवून नेणारा असे म्हटले. युरोपीय भाषांतील आजचा शब्द तेथूनच आला. आपल्याकडे ह्या विषयाचा विचार तक्रारीपाशी थांबला नाही, त्याचे शास्त्र झाले. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या कृतींतील साम्यास ‘संवाद’ असे नाव दिले आणि त्याचे तीन प्रकार केले: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि एका देहाशी दुसऱ्या देहाचे असते तसे. पहिली दोन त्याने त्याज्य ठरविली आणि तिसरे ग्राह्य मानले. दोन माणसांचे अवयव सारखे असले तरी ती दोन स्वतंत्र माणसे असतात, ही त्यामागील समज होय.

दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण व अर्थहरण ह्यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. राजशेखर हा यायावर कुळातील असून आपल्या पणजोबास, अकालजलदास, तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. त्यामुळे मराठी वाचकास तो परका वाटू नये. त्याचा हा ग्रंथ १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. इतर चोरी काळाने पुसली जाते, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही, असे एक मत त्याने नोंदविले आहे. त्यानंतर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत तो देतो. ‘हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध’, ‘ह्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे’ अशा ज्या कारणांनी कवी दुसऱ्याचे घेतात, त्यांची तिने यादीच दिली आहे. हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आजच्या विद्यापीठीय जीवनातील काही प्रसंग वाचकाच्या मनात उभे राहिल्यावाचून राहत नाहीत. नामांकित प्राध्यापक आणि अनामिक विद्यार्थी ह्यांच्यातील व्यवहार त्याच तर्काने चालल्याचे आढळते.

राजशेखराने कवींचे चार वर्ग केले: नवे निर्माण करणारा उत्पादक, दुसऱ्याचे पालटून घेणारा परिवर्तक, घेतलेले झाकणारा आच्छादक आणि सरळ उचलणारा संवर्गक. त्याच्या दृष्टीने कवी व व्यापारी ह्यांत चोर नाही असा कोणी नाही, आणि ज्याला आपले घेणे लपविता येते तो निंदेवाचून सुखाने नांदतो. काव्याच्या प्रांतात हे विधान मिस्किल शहाणपण म्हणून चालून जाईल. संशोधनाच्या प्रांतात मात्र ते नेमके उलटे करावे लागते. संशोधकानेही दुसऱ्याचे घेतलेच पाहिजे, किंबहुना न घेता त्याला एक पाऊलही टाकता येणार नाही. परंतु जो लपवितो तो येथे दोषी ठरतो आणि जो उघडपणे सांगतो तो विश्वासास पात्र होतो. आच्छादक हा काव्यात चतुर कवी असेल, पण इतिहासात तो पुरावा नष्ट करणारा असतो.

४

पुण्यातील संशोधनपरंपरेने हा भेद आरंभीच ओळखला होता. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी बखरी व जुने कागद टीपांसह छापण्यास सुरुवात केली. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ह्या सर्व उद्योगाच्या मुळाशी एकच आग्रह होता, आणि तो म्हणजे विधानामागे कागद असावा व तो कागद कोणाच्या दप्तरात सापडला हे वाचकास कळावे.

दुसरा आग्रह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने रूढ केला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. आवृत्तीसाठी हजाराहून अधिक पोथ्या तपासल्या गेल्या. परंतु अमुक पाठ अधिक पोथ्यांत आहे म्हणून तो खरा, असा हिशेब तेथे चालत नव्हता. पोथ्यांचे प्रथम वंश लावावे लागतात. एकाच मूळ पोथीवरून वीस प्रती उतरल्या गेल्या असतील, तर त्या विसांचे मत एकच धरले जाते. हे वंश ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे सामाईक चूक. शुद्ध पाठ दोन लेखकांस स्वतंत्रपणे मिळू शकतो, परंतु तीच विचित्र चूक त्याच जागी दोन पोथ्यांत आढळली तर त्यांचे नाते मान्य करावे लागते.

आधुनिक संशोधनपत्रिकेच्या संपादकास वाङ्मयचौर्य ओळखण्यासाठी ह्याहून चांगली कसोटी आजही मिळालेली नाही. दोन लेखांत सालाची एकच चूक, एकाच शब्दाचे एकच अपवाचन किंवा एकाच पृष्ठाचा एकच चुकीचा क्रमांक आढळला, तर एकाने दुसऱ्याचे घेतले, किंवा दोघांनी तिसऱ्याचे घेतले, असे समजावयास हरकत नाही. पोथीच्या लेखकाने आपण नक्कल करीत आहोत हे कधी लपविले नव्हते. लेख लिहिणारा मात्र ते लपवितो, एवढाच दोहोंत फरक आहे.

ह्याच परंपरेत एक सूक्ष्म दोष शिरला, त्याला ‘उसनी तळटीप’ म्हणता येईल. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अशा छापील खंडातून एखादे पत्र घ्यावयाचे आणि तळटीप मात्र मूळ दप्तराची द्यावयाची, किंवा दुसऱ्याच्या प्रबंधातील तळटीप जशीच्या तशी आपल्या लेखाखाली उतरावयाची, हा तो दोष होय. वाक्ये स्वतःची असल्यामुळे तो सहसा उघडकीस येत नाही. परंतु मोडी कागद धुंडाळून, त्याचे वाचन ठरवून, तो बाळबोधीत आणणाऱ्याचे सर्व कष्ट त्यात गडप होतात. शिवाय मूळ वाचनात चूक असेल, तर ती आता मूळ कागदाच्याच नावावर जमा होते. कागदात नसलेली गोष्ट कागदाने सांगितली असे ठरते.

५

हा दोष कायद्याने दूर होईल अशी पुष्कळांची समजूत असते. ती यथार्थ नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा असून तो १९५८ च्या जानेवारीपासून अंमलात आला. त्याचे संरक्षण अभिव्यक्तीस असते, कल्पनेस नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद ह्यांच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. शिवाय स्वामित्वहक्कास मुदत आहे. राजवाडे १९२६ च्या डिसेंबर महिन्याच्या ३१ तारखेस वारले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. आज कोणीही राजवाड्यांचा खंड त्यांच्या नावाने पुन्हा छापला तर त्यात बेकायदा काही नाही. त्याच खंडातील प्रस्तावनेचा विचार स्वतःच्या नावावर छापला, तरी त्यात स्वामित्वहक्काचा भंग नसेल, पण वाङ्मयचौर्य निश्चित असेल. उलट, एखाद्या हयात लेखकाचे संपूर्ण प्रकरण त्याचे नाव देऊन परवानगीवाचून छापले, तर कायद्याचा भंग होईल, पण चौर्य होणार नाही. सारांश, कायदा मालमत्तेचे रक्षण करतो. उगम सांगण्याचे बंधन विद्वत्समाजानेच स्वतःवर घालून घ्यावयाचे असते.

ते बंधन पाळले जाते की नाही हे पाहण्याचे मुख्य स्थान म्हणजे संशोधनपत्रिका. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग ह्यांनी १६६५ च्या मार्च महिन्यात, म्हणजे लाल महालावरील छाप्यानंतर दोन वर्षांनी, ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. कोणता शोध कोणी केव्हा कळविला ह्याची जाहीर नोंद राहावी, हे अशा नियतकालिकांचे एक आद्य प्रयोजन होते. श्रेयाची नोंदवही हे पत्रिकेचे मूळ स्वरूप आहे. तिने खोटी नोंद छापली, तर ती केवळ एक वाईट लेख छापीत नाही, तर आपल्या अस्तित्वाचे कारणच गमावते.

६

एकविसाव्या शतकात भारतीय विद्यापीठांत ह्या नोंदवहीवर विलक्षण ताण पडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले. २०१० च्या नियमांनी अध्यापकांची नेमणूक व बढती ह्यांस प्रकाशनांच्या गुणांची जोड दिली. हेतू चांगला होता. परंतु निबंधांची मागणी अकस्मात वाढली, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्या मागणीवर पोसला गेला. जेथे लेख वाचलाच जात नाही, तेथे तो चोरीचा आहे की नाही हे पाहणार कोण?

ह्या स्थितीचे परीक्षण पुण्यातच झाले. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर प्रभृतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या नियतकालिकांतून १३३६ निवडून, त्यांपैकी मान्यवर सूचींत समाविष्ट नसलेली १००९ त्यांनी तपासली. सुमारे ३४.५ टक्के नियतकालिके पत्ता, संपादकांची नावे ह्यांसारखी प्राथमिक माहितीही देत नव्हती. आणखी ५२.३ टक्क्यांनी दिलेली माहिती खोटी होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता संशयास्पद होती. एकंदरीत ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. नोव्हेंबरमध्ये ‘केअर’ ह्या नावाने ओळखली जाणारी नवी व्यवस्था जाहीर झाली आणि नियतकालिकांच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रकाशन-नीती केंद्राकडे आले. २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ची यादीही आयोगाने बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याचे दायित्व संस्थांवर सोपविले.

ह्या घडामोडींतून एक बोध निघतो. यादी ही वाचनाची जागा घेऊ शकत नाही. बाहेरच्या यादीवर विसंबण्याची सोय आता उरली नसल्यामुळे, विभागातील अध्यापकांनी लेख स्वतः वाचूनच त्याची किंमत ठरविली पाहिजे, हा जुना नियम पुन्हा लागू झाला आहे.

७

वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे आयोगाचे स्वतंत्र नियम जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी साम्याच्या चार पायऱ्या ठरविल्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के ही पहिली पायरी, ४० ते ६० टक्के ही दुसरी आणि त्याहून अधिक ही तिसरी. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या पायरीस सहा महिन्यांच्या आत सुधारून देण्याची मुभा आहे, दुसरीस एक वर्षापर्यंत नवा प्रबंध देण्यास बंदी आहे आणि तिसरीस नोंदणीच रद्द होते. अध्यापकांच्या प्रकाशनांत वरच्या पायऱ्यांस लेख मागे घेण्याबरोबर वेतनवाढ रोखणे व मार्गदर्शनास मनाई अशा शिक्षा आहेत. तपासासाठी विभागीय व संस्थात्मक अशा दोन समित्या आहेत. अवतरणचिन्हांत उगमासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याचे पाठ इत्यादी मोजणीतून वगळले जातात. तसेच सर्वसामान्य स्वरूपाचे साम्य सलग १४ शब्दांपर्यंत सोडून दिले जाते.

ह्या नियमांचा उपयोग झाला ह्यात संशय नाही. विषयास नाव मिळाले, कार्यपद्धती मिळाली आणि तक्रार कोठे करावी हे विद्यार्थ्यास कळले. तथापि टक्केवारीचे यंत्र मराठीतील संशोधनास लावताना काही गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट शब्दसंख्येची. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून येतात. ‘पुण्यातील पेशव्यांच्या वाड्यांमधून’ हे तीन शब्द इंग्रजीत सांगावयास आठ शब्द लागतात. म्हणजे १४ मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा पुष्कळच अधिक आशय मावतो आणि तेवढा आशय मोजणीतून सुटतो. शिवाय मराठीत पदक्रम बराच मोकळा आहे. ‘नळाने पाणी शहरात आणले’ हे वाक्य ‘शहरात पाणी नळाने आणले’ असे फिरविले की अर्थ तोच राहतो, पण सलग शब्दांची साखळी तुटते.

दुसरी गोष्ट लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लोपले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘केलें’, ‘नाहीं’, ‘पाण्याचें’ असे लेखन असे. एखाद्याने १९२० मधील लेख घेऊन त्यातील अनुस्वार तेवढे पुसले, तर अक्षरांची तुलना करणाऱ्या यंत्रास अनेक शब्द निराळे दिसतील. मराठीतील जुन्या संशोधनाचा मोठा भाग मुळात संगणकावर शोधता येईल अशा रूपात नाही, हा त्याहून मोठा अडथळा आहे. यंत्र केवळ आपल्या साठ्यातील मजकुराशी तुलना करते. साठ्यात नसलेले पुस्तक त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

तिसरी गोष्ट भाषांतराची. इंग्रजी लेखाचे परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत उतरले, तर साम्याची टक्केवारी शून्याजवळ येऊ शकते. राजशेखराच्या परिभाषेत हा परिवर्तक व आच्छादक ह्यांचा संकर होय. उसनी तळटीप तर कोणत्याच टक्केवारीत बसत नाही.

ह्याउलट, अधिक टक्केवारी म्हणजे चौर्यच असेही नव्हे. कात्रजच्या नळावर लिहिणारे दोन प्रामाणिक विद्यार्थी १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्यावरील भाग पुढे ठेवून लिहितील. दोघांच्या लेखांत तीच स्थलनामे, तेच हौद आणि जवळजवळ तीच वाक्ये येतील. तो आनंदवर्धनाचा ‘संवाद’ आहे. म्हणून टक्केवारी हा तपासाचा आरंभ होय, तो निकाल नव्हे. आणि १० टक्क्यांची सूट हा १० टक्के चोरण्याचा परवाना आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. लेखाचा नवा सिद्धान्त एका वाक्यात मावतो. ते एकच वाक्य चोरलेले असेल, तर उरलेले ९९ टक्के स्वतःचे असूनही लेख चोरीचाच असतो.

८

मग संपादकाने करावे तरी काय? पुण्याच्या परंपरेतच त्याची उत्तरे आहेत. अप्रकाशित कागदाचा हवाला देणाऱ्या लेखकाकडून त्या कागदाची छायाप्रत अथवा त्याचे स्थळ, रुमाल व क्रमांक मागावेत. कागद छापील खंडात पाहिला असेल, तर मूळ दप्तर व छापील खंड ह्या दोहोंचा उल्लेख करण्याचा आग्रह धरावा. मोडी वाचन दुसऱ्याचे असेल तर वाचकाचे नाव तळटिपेत यावे. त्याने ते कष्ट घेतले नसते तर लेखकास तो कागद मुकाच राहिला असता. लेख ज्या विषयावर आहे, त्या विषयाची जुनी पुस्तके प्रत्यक्ष वाचलेल्या परीक्षकाकडेच तो पाठवावा. लेख हाती आल्याचा दिनांक छापावा, म्हणजे अग्रक्रमाचा वाद कागदावरच सुटेल. आणि चौर्य सिद्ध झाले तर तसे पुढील अंकात स्पष्ट शब्दांत छापावे. दोषी लेख गुपचूप दृष्टीआड केल्याने त्याच्या आधारावर लिहिलेले इतर लेख सावध होत नाहीत.

मार्गदर्शकाचे काम त्याहूनही आधी सुरू होते. सर्वच चौर्य हेतुपूर्वक होत नाही. टिपणवहीत परक्याची वाक्ये अवतरणचिन्हांवाचून उतरलेली असतात, दोन वर्षांनी ती विद्यार्थ्यास स्वतःची वाटू लागतात आणि प्रबंधात उतरतात. टिपण घेतानाच ग्रंथ व पृष्ठ नोंदविणे, परक्याचे शब्द व स्वतःचा विचार निरनिराळ्या शाईने लिहिणे, ह्या साध्या सवयी पहिल्या सत्रातच लावल्या, तर पुढील समित्यांचे पुष्कळ काम वाचेल. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचा शोध स्वतःच्या नावाने छापू नये, हे निराळे सांगावयास नको. तथापि अवंतिसुंदरीने नोंदविलेली ‘हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध’ ही सबब जोवर वापरली जाते, तोवर ते सांगत राहणे भाग आहे. विद्यार्थ्याची तक्रार ऐकणाऱ्या समितीत त्याच मार्गदर्शकाचा शब्द अखेरचा असेल, तर नियमांचा काहीच उपयोग होणार नाही.

९

कात्रजच्या मशालींकडे वळलेल्या विद्यार्थ्याचा मार्ग आता स्पष्ट होतो. दहाही पुस्तके त्याने प्रकाशनाच्या वर्षानुसार लावावीत. प्रत्येकात कथेचा कोणता तपशील प्रथम आला, मशाली आधी झाडांना होत्या की बैलांना, त्यांची संख्या कोणी व केव्हा घातली, ह्याची तालिका करावी. सामाईक चुका टिपाव्यात. त्यांवरून पुस्तकांचे वंश लागतील आणि दहांच्या जागी एक, दोन किंवा तीन मुळे उरतील. नंतर त्या मुळांपासून मागे जाऊन फारसी तवारिखा, इंग्रज वखारीची पत्रे व बखरी ह्या प्रत्येकात मशालींचा उल्लेख आहे की नाही हे स्वतः पाहावे, आणि दुसऱ्याच्या तळटिपेवर विसंबू नये. शेवटी जे हाती लागेल ते, कथेस अनुकूल असो वा प्रतिकूल, जसे आहे तसे मांडावे.

हे काम काही महिन्यांचे आहे. वाटेतील लेखकांनी आपापला उगम सांगितला असता, तर ते एका दुपारचे झाले असते. बुजविलेला प्रत्येक उच्छ्वास पुढच्या पिढीतील कोणाला तरी पुन्हा खणावा लागतो. संशोधनपत्रिकेचा संपादक जेव्हा एका तळटिपेसाठी लेख परत पाठवितो, तेव्हा ते खणणे तो थोडे कमी करीत असतो. लेखकास हा त्रास वाटेल. परंतु पन्नास वर्षांनी त्याच विषयावर लिहावयास बसणाऱ्या अपरिचित विद्यार्थ्यास, साक्षी दहा की एक, हे त्या एका ओळीवरूनच कळणार असते.